बोटभर उघडी भट्टी

हे मी मेधालासुद्धा सांगितलेलं नाही. मेधा माझी बायको. माझ्या पोटात काय दुखतंय ते मला कळायच्या आधी तिला कळतं, पण हे नाही. कितीदा तरी तोंड उघडलं, आणि "दूध संपलंय का गं?" असलं काहीतरी विचारून मिटलं. आज तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट माहीत नाही. तुमची-माझी ओळख नाही, माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही, कदाचित म्हणून जमेल. बघू.

मी जर्मनीत, झिंडेलफिंगेनला राहतो. इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. कायमची नोकरी — उनबेफ्रिस्टेट, हा इथला फार लाडका शब्द; तो एकदा करारावर उमटला की लोक पेढे वाटतात. बाल्कनीत कढीपत्ता आहे, मुलगी मराठीत विचारलेल्याचं जर्मनमध्ये उत्तर देते, शनिवारी पुण्या-मुंबईची मंडळी जेवायला येतात. बाहेरून बघाल तर सगळं छान चाललंय. आणि हे सगळं ज्या शुक्रवारी माझ्या पदरात पडलं, त्याच शुक्रवारी मी एका मुलीचं आयुष्य — थांबा. असं एकदम नको. एकदम सांगितलं की ते मोठ्या पापासारखं ऐकू येतं, आणि मोठ्या पापाला एक रुबाब असतो. माझ्याला नाही. मी फक्त एका भट्टीचं झाकण बोटभर उघडलं होतं.

भट्टी म्हणजे प्रयोगशाळेतली. मागच्या दशकाच्या मध्यावर मी स्टुटगार्टजवळच्या एका संशोधन संस्थेत होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, त्यांचा यात दोष नाही. आमचं काम ऐकायला जादूचं वाटायचं. कार्बन डायऑक्साइड घ्यायचा — तोच, ज्याच्या नावानं सगळं जग बोटं मोडतं — आणि तो तोडायचा. त्यातला एक ऑक्सिजन काढून घेतला की मागे कार्बन मोनॉक्साइड उरतो, आणि त्यातून इंधन करता येतं. धुरातून परत इंधन! माझ्या सासऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, म्हणजे राखेतून लाकूड करण्यासारखंच की." आल्झो, म्हणजे हो, जवळपास तसंच.

अडचण एकच. प्रचंड तापवलं की ऑक्सिजन सुटतो, पण लगेच परत जाऊन चिकटतो. तो सुटल्या सुटल्या बाजूला काढायला हवा. त्यासाठी एक काळी सिरॅमिकची नळी असते. नऊशे अंशांना तिच्या भिंतीतून फक्त ऑक्सिजन आरपार जातो, दुसरा कुठलाही वायू नाही. नळीच्या आतून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, बाहेरून मिथेन. आतून आलेला ऑक्सिजन बाहेरचा मिथेन गिळून टाकतो, त्यामुळे आत तोडफोड चालू राहते. एवढंच. भिंत शाबूत तर सगळं खरं. भिंतीला केसाएवढी चीर गेली की मिथेन आत शिरतो, आणि आतून येणाऱ्या वायूत हायड्रोजन दिसायला लागतो. हायड्रोजन दिसला की समजायचं, नळी गेली.

ह्या नळ्या करायची वैजू. वैजयंती, कराडची. वडील शाळेत शास्त्र शिकवायचे. इकडे पीएचडीला आली आणि आल्या दिवसापासून मला दादा म्हणायला लागली. जर्मन लोक तिला 'वाइयू' म्हणायचे, ती म्हणायची, "दादा, ह्यांच्या तोंडी माझं नाव म्हणजे शिंक आल्यासारखं वाटतं." सतत बोलायची. बोलता बोलता कणकेसारखा मळलेला तो काळा गोळा यंत्रातून दाबून नळी काढायची, आठवडा-आठवडा वाळवायची, भाजायची. बहुतेक नळ्या वाकायच्या, तडकायच्या. ती "जा बाई" म्हणून कचऱ्यात टाकायची आणि परत सुरुवात. मला असला धीर कधीच नव्हता. मी तिच्या नळ्या भट्टीत बसवून मोजमापं घ्यायचो, पेपरात माझं नाव पुढे असायचं. तिला त्याचं काही वाटत नसे. मला? मला बरंच वाटायचं.

त्या वर्षी तिच्या हातून एक नळी अशी उतरली, की काय सांगू. लांब, सरळ, एकसारख्या भिंतीची. आमचे शेफ — इथे साहेबाला शेफ म्हणतात, आमचे प्रोफेसर — ती उजेडात फिरवून बघत बसले होते. दसऱ्याला वैजूनं त्या भट्टीची पूजा केली. हळदकुंकू, झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती, आणि सगळ्यांना पेढे. आमच्याकडे वर्कशॉपात लेथची करतात तशीच. जर्मन मंडळी कौतुकानं फोटो काढत होती.

आता तिचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. तिचा करार डिसेंबरात संपत होता. पीएचडी अर्धी झालेली. आमच्या प्रकल्पाचा पुढचा टप्पा मंजूर झाला तर करार वाढणार, करार वाढला तर आउफएंटहाल्टस्टिटेल, म्हणजे इथे राहायचा परवाना. आणि तो टप्पा मंजूर करणारे पाहुणे एका सोमवारी येणार होते, चालू भट्टीसमोर उभे राहून आकडे बघायला. नळी तीच, भट्टी तीच. सोमवारी प्रयोग वैजू दाखवणार होती. त्याआधी, शुक्रवार सकाळपर्यंत, माझी मोजमापं चालली होती.

आणि शुक्रवारी दुपारी माझा इंटरव्ह्यू होता.

कुणालाही सांगितलं नव्हतं. शेफना मी दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलेलं. संशोधनाला मी कंटाळलो होतो, दर वर्षी करार वाढेल का म्हणून जीव टांगणीला लावायला कंटाळलो होतो, आणि ह्या कारखान्याचं बोलावणं आलं होतं. वैजूला सांगितलं असतं तर ती आनंदानं म्हणाली असती, दादा, जा तुम्ही, मी बसते भट्टीजवळ. पण तिच्या पोटात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं असतं. म्हणून नाही सांगितलं. एवढंसं कारण.

भट्टी थंड करायची एक रीत असते. मिनिटाला एक अंश, जास्त नाही. नऊशेवरून खाली यायला सगळा दिवस जातो आणि रात्र पडते. सिरॅमिकला घाई सोसत नाही; एक बाजू आधी गार झाली, दुसरी मागे राहिली, की ते फाटतं. वैजू त्याला म्हणायची, "नळी झोपतेय, झोपू दे." आमच्याकडे नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवत नाहीत, हे शिकवतात. आणि मग, गार झाल्यावर, हेलियमचा दाब भरून बघायचं, दाब उतरतो का. नाही उतरला तर पुढच्याला एक शब्द सांगायचा — डिख्ट. म्हणजे बंद आहे, गळत नाही. कागद नाही, सही नाही. एकानं डिख्ट म्हटलं की दुसरा परत तपासत नसे. इतका त्या शब्दाला मान होता.

त्या शुक्रवारी सकाळी मी कंट्रोलरवर एकाच्या जागी पाच केलं. तरी ते माझ्या वेळेत बसेना. आसपास कुणी नव्हतं, मग मी भट्टीचं झाकण उचललं. पुस्तकासारखी उघडते ती भट्टी. बोटभर उघडलं आणि फटीत विटेचा एक तुकडा सरकवला. आत अजून अंधूक लाल होतं. मला वाटलं, बोटभरानं काय होतंय?

असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. बोटभरानं काय होतंय असं वाटलं, चूक झाली, माणूस आहे, होते चूक. इथपर्यंतचं मी कदाचित मेधाला सांगूही शकलो असतो. पण हे अर्धंच आहे.

मला आवाज ऐकू आला होता.

टिक् — एवढाच. तापलेल्या काचेच्या पेल्यात गार पाणी ओतल्यावर येतो तसा. मी भट्टीशेजारी उभा होतो, टाय बांधत होतो, आणि मला तो स्पष्ट ऐकू आला. तो कशाचा आवाज हे न कळायला मी काही बालवाडीतला नव्हतो. तिथे काम करणाऱ्या कुणाच्याही छातीत त्या आवाजानं धस्स झालं असतं. माझ्याही झालं. मग मी काय केलं? भट्टी गार होईपर्यंत फट तशीच ठेवली, मग झाकण लावलं. विटेचा तुकडा जागेवर ठेवला. कंट्रोलरवर पाचाचं परत एक केलं. हेलियमची टाकी हाताशी होती, अर्ध्या तासाचं काम. नाही केलं. केलं असतं तर कळलं असतं ना! आणि कळलं असतं तर सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं म्हणजे आज दाताच्या डॉक्टरकडे नाही, दुसरीकडे निघालोय, तेही सांगावं लागलं असतं. न बघितलेलं खोटं ठरत नाही — असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आपलं ठेवायचं झाकून, म्हणतात ना, अगदी तसं.

दुपारी वैजू आली. तोवर भट्टी हात लावण्याइतकी गार झाली होती. इतक्या लवकर कशी, हे तिनं विचारायला हवं होतं. पण तिचं सगळं लक्ष सोमवारच्या स्लाइड्सकडे. आणि मी केव्हा मोजणं थांबवलं हे तिला कुठे माहीत होतं? तिनं दारातूनच विचारलं, "झोप झाली का बाईसाहेबांची?"

"झाली."

"डिख्ट?"

"डिख्ट," मी म्हणालो.

आणि ती माझा टाय बघून हसली. म्हणाली, दादा, दाताला दाखवायला टाय? डॉक्टरीण सुंदर आहे वाटतं. मीही हसलो. हे मला फार छळतं — की मी खरंच हसलो.

इंटरव्ह्यू उत्तम झाला. त्यांनी विचारलं, तुमचा सर्वात मोठा गुण कुठला? मी म्हटलं, काटेकोरपणा.

सोमवारचं सांगतो. वैजूनं रविवारभर बसून भट्टी चढवली होती, मिनिटाला एक अंश, नियमानं. तिचं सगळंच नियमानं. पाहुणे आले, ती मोरपिशी कुर्ता घालून उभी, तिची ती कराडी जर्मन जोरात चाललेली. मिथेन सोडला. पहिला आकडा पडद्यावर आला, कार्बन मोनॉक्साइडचा, आणि तो आमच्या कुठल्याही आधीच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा होता. फुटक्या नळीत असंच होतं. मिथेन आत शिरून स्वतःच कार्बन डायऑक्साइडला खातो, त्यातूनही मोनॉक्साइडच बनतो. पण हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानात? पाहुण्यांनी टेबलावर टकटक करून कौतुक केलं, शेफनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. वैजूनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. आणि मी — मला त्याच क्षणी कळलं होतं सगळं. त्या खोलीत मला एकट्याला.

मी बोलू शकलो असतो. तेव्हाही. "थांबा, एकदा हायड्रोजन बघू या," एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. मग पाहुण्यांतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, हायड्रोजनचा आकडा दाखवता का? वैजूनं दाखवला. तो होता. भरपूर होता. वैजू पडद्याकडे बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

पुढचं भरभर झालं. नळी बाहेर काढली, रंग लावून बघितली, चीर निघाली. केव्हा गेली? मला शेफनी सगळ्यांसमोर विचारलं, शुक्रवारी डिख्ट होती? मी म्हटलं, होती. मग उरलं कोण? वैजूनं वेळ वाचवायला भट्टी झपाट्यानं चढवली असणार. नाहीतर नळीतच खोट असणार. आणि कुणीतरी हळूच असंही म्हणालं, की हायड्रोजनचा आकडा आधीपासून पडद्यावर का नव्हता? मुद्दाम तर झाकला नाही ना? ती जुनी भट्टी, तिचा कंट्रोलर काहीच साठवून ठेवत नसे. वैजू शपथेवर सांगत होती, मी एकच अंश ठेवला होता, एकच. आणि जर्मन येत असूनही ती मराठीत सांगायला लागली होती. तिच्या लक्षातही आलं नाही. ते ऐकून समजणारा तिथे मी एकटाच होतो.

चहाच्या खोलीत एकानं विनोद केला — वाइयूनं ह्या वेळी भट्टीला फुलं कमी घातली वाटतं. लोक हसले. तिचे पेढे मीही खाल्ले होते. मीही हसलो.

मग शेफनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. शेफ वाईट माणूस नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, तू तिला जवळून ओळखतोस, ती काळजीपूर्वक काम करते का? मी म्हणालो, "माइस्टन्स."

माइस्टन्स म्हणजे बहुतेक वेळा. आपल्याकडे कुणाबद्दल असं म्हटलं तर ते कौतुक ठरेल. तिथे, त्या खोलीत, त्या प्रश्नाला, ते काय ठरेल हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं जर्मनांत काढली होती मी. खोटं बोलतोय असंही कुणी म्हणू शकलं नसतं. एका शब्दात मी केसानं गळा कापला तिचा, आणि शेफनी मान हलवली, म्हणाले, "गेनाऊ, बरोबर. मलाही तेच वाटलं."

पुढचा टप्पा नामंजूर झाला. तिचा करार वाढला नाही.

आणि त्याच्यानंतर, तुम्हाला खरं वाटणार नाही, भाऊबीजेला ती आमच्याकडे आली. दर वर्षी यायची. तिला भाऊ नाही, मला बहीण नाही, पहिल्या वर्षी म्हणाली होती, "हिशेब सरळ आहे, दादा." ह्या वर्षी येणार नाही असं मला वाटलं होतं. वाटलं म्हणजे, मी देवाला विनवत होतो की न येवो. आली. पाटावर बसवलं मला, कुंकू लावलं, ओवाळलं. मेधानं आणलेली शाल मी तिच्या हातात ठेवली. आणि माझे दोन्ही हात काखेत दडवले. मेधाला वाटलं मला थंडी वाजतेय, तिनं हीटर वाढवला.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात आम्ही दोघं भांडी पुसत होतो. वैजूनं ताटाकडे बघतच विचारलं, "दादा, त्या दिवशी थंड होताना काही झालं नव्हतं ना? म्हणजे लाईट-बिट गेली असं काही?"

कळतंय का तुम्हाला? तिनं मला दार उघडून दिलं होतं. मी नुसतं म्हणायला हवं होतं, हो गं, गेली होती वाटतं मिनिटभर. खोटंच, पण त्या खोट्यानं ती सुटली असती. माझं नाव न येता सुटली असती! ती शेफकडे गेली असती, कदाचित त्यांनी तिला आणखी काही महिने दिले असते. एवढं साधं खोटं मला बोलता आलं असतं. आणि मी — जो तोवर नाही नाही ते बोललो होतो — मला तेवढ्यापुरता प्रामाणिकपणा आठवला. "नाही गं," मी म्हणालो, "काही झालं नव्हतं." का? त्यात माझ्यावर संशयाची सावली पडली असती म्हणून? एवढ्याशा सावलीला मी घाबरलो? हो. दुसरं काही उत्तर मला सापडलेलं नाही, आणि मी पुष्कळ शोधलंय.

"मग माझ्याच हातून," ती म्हणाली, आणि ताट जागेवर ठेवलं.

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण मधलं एक सांगायला जीभ वळत नाही. वैजू कराडला परत गेली. पीएचडी राहिली ती राहिलीच. लग्न झालं, मुलगी आहे. एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. फक्त थिअरी. मी एकदा विचारलं, प्रॅक्टिकल घेत नाहीस का? म्हणाली, "नको बाई, माझ्या हातून फुटतं काहीतरी." हसतच म्हणाली. तिच्या हातून! ज्या हातांतून ती नळी उतरली होती! मी फोन कानाला धरून बसलो होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं, आणि मी म्हणालो, "हं." दर भाऊबीजेला व्हिडिओ कॉल करते. तिकडे निरांजन पेटवते आणि फोनच्या पडद्याला ओवाळते. मी इकडे टोपी घालून बसतो.

तुम्ही म्हणाल, मग आत्ता सांग की तिला. अजून ती आहे, फोन आहे, जीभ आहे. खरंय. मी म्हणू शकतो की आता सांगून तिला काय परत मिळणार, तिचा संसार चाललाय, उगाच जुनं का उकरायचं. म्हणतोही तसं. पण ही पळवाट आहे हे मला कळतं. खरं सांगायचं तर ती मला दादा म्हणायची थांबेल, ते मला सोसणार नाही. म्हणजे आजही मी माझंच बघतोय. इतक्या वर्षांत माणूस जरा तरी सुधारतो, म्हणतात. मी नाही सुधारलो. सकाळी उठतो, दाढी करताना आरशात हा माणूस दिसतो, आणि आशा वाटावी असं त्याच्यात मला काही सापडत नाही.

राहिलं ते सांगतो.

तिला फ्रँकफर्टला विमानतळावर सोडायला मीच गेलो. दुसरं कोण जाणार? गाडीत ती फारशी बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे काय हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. बॅगा दिल्या. सिक्युरिटीच्या रांगेपाशी आलो. आणि तिथे, त्या गर्दीत, लोक चाकांच्या बॅगा ओढत दोन्ही बाजूंनी जात असताना, ती वाकली आणि माझ्या पायाला हात लावून नमस्कार केला. मी "अगं अगं" म्हणत मागे सरकलो. उठली तेव्हा तिचा चेहरा ओला होता.

"दादा," ती म्हणाली, "मला माफ करा. तुम्ही शुक्रवारी इतकी नीट करून दिलेली नळी, मी घालवली. तुमच्याही कामावर पाणी पडलं माझ्यामुळे. किती दिवस म्हणायचं होतं, धीर होत नव्हता."

माफी ती मागत होती, माझ्याकडे. मागच्या खिशात माझा नवीन करार होता, आदल्याच दिवशी सही केलेला. मला तिथल्या तिथे गुडघ्यांवर पडायला हवं होतं. जमीन दुभंगायला हवी होती.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "वेडी की काय तू? मी काही मनात ठेवलेलं नाही."

"खरंच माफ केलंत?"

"केलं गं. जा आता, उशीर होईल."

तिला इतकं बरं वाटलं! डोळे पुसले, हसली, रांगेत शिरली, वळून वळून हात करत राहिली. दिसेनाशी होईपर्यंत मीही करत राहिलो. मग पार्किंगमध्ये आलो, गाडी काढली. आणि सगळ्यांत वाईट हे, की परतीच्या रस्त्यावर मला हलकं वाटत होतं. भूक लागली होती. वाटेत थांबून मी पोटभर जेवलो.